पौलाच्या पाठीवरचे वळ

आज आपण तार्ससच्या पौलाबद्दल बोलणार आहोत. जन्माने यहुदी, हाताला तंबू करण्याचा धंदा, आणि ख्रिस्ताचा संदेश घेऊन आजच्या तुर्कस्तानातून ग्रीसपर्यंत फिरलेला हा माणूस.

त्याच्या प्रवासांची माहिती आपल्याला दोन ठिकाणी मिळते. एक, ‘प्रेषितांची कृत्ये’ हे दुसऱ्याने लिहिलेलं पुस्तक. दुसरी, पौलाची स्वतःची पत्रं. करिंथच्या मंडळीत काही प्रचारक आपलं मोठेपण मिरवत होते. त्यांना उत्तर म्हणून इ. स. ५६च्या सुमारास पौल पत्रात काय मांडतो? विद्वत्ता नाही, तर खाल्लेला मार. ३९ फटक्यांची शिक्षा ५ वेळा, छड्यांचा मार ३ वेळा, दगडमार एकदा, आणि ३ वेळा फुटलेलं जहाज.

आता हे ‘कृत्यां’शी ताडून बघू. दगडमार तिथे आहे, लुस्त्र गावचा. मेला समजून लोकांनी त्याला गावाबाहेर ओढून टाकलं. तो उठला आणि दुसऱ्या दिवशी दर्बेच्या वाटेला लागला. छड्यांचा प्रसंग एकच, फिलिप्पैचा. जहाज फुटल्याची हकीकतही एकच. कैदी म्हणून रोमला नेताना माल्टाजवळ जहाज फुटलं आणि २७६ माणसं कशीबशी किनाऱ्याला लागली. पण ही घटना पत्रानंतरची! म्हणजे आधीच्या तिन्हींची ‘कृत्यां’त नोंदच नाही. ३९ फटक्यांचीही नाही.

या फटक्यांपाशी जरा थांबू या. यहुदी नियमशास्त्रात ४० फटक्यांची मर्यादा होती. मोजताना चुकून ती ओलांडली जाऊ नये म्हणून एक कमी मारत. ही सभास्थानातली शिक्षा, म्हणजे आपल्याच माणसाला दिलेली. ‘माझा तुमचा संबंध संपला’ म्हणून पौल निघून गेला असता, तर सुटला असता. तो गेला नाही. पाठ पुढे करून पुन्हा त्याच सभास्थानांत जात राहिला.

पुढे कित्येक शतकं याच माराचा दाखला देऊन यहुद्यांना ख्रिस्ताचे वैरी ठरवलं गेलं. पत्र नीट वाचलं तर दिसतं ते वेगळंच: हे दोन धर्मांमधलं युद्ध नव्हतं, एकाच घरातलं भांडण होतं. आणि मार खाणारा शेवटपर्यंत स्वतःला त्याच घरचा समजत होता.