ओरायनचे हेर आणि माझा मॉनिटर

परवा नातवाने लॅपटॉपवर एक जुना खेळ लावून दिला. "आजोबा, आयुष्यभर इतिहास शिकवलात ना, आता हे राज्य चालवून दाखवा!"

खेळाचे नाव मास्टर ऑफ ओरायन. स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्सने तो घडवला आणि १९९३ साली मायक्रोप्रोजने बाजारात आणला. त्याच वर्षी ॲलन एमरिक यांनी 'कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात त्याचे वर्णन चार क्रियापदांत केले: शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. इंग्रजीत या चारही शब्दांत 'एक्स'चा उच्चार येतो, म्हणून अशा खेळांना 'फोर एक्स' म्हणतात. वसाहतवादाचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमला नाही.

प्रत्येक ग्रहाचे उत्पन्न पाच खात्यांत वाटायचे असते: जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते. कारखाने वाढले की घाण वाढते आणि ती काढायलाही पैसा लागतो. मी जहाजांच्या हौसेपायी तिथेच काटकसर केली. माझ्या ग्रहावरची लोकसंख्या घटू लागली तेव्हा डोळे उघडले.

हेरखाते त्याहून मजेचे. हेरांना तीन हुकूम देता येतात: लपून राहा, विद्या चोरा, घातपात करा. डारलोक नावाची जमात यात सर्वांत तरबेज. चोरी साधली की कधीकधी तिचा आळ तिसऱ्याच राज्यावर ढकलता येतो. मी तो ढकलला. ज्याचे काहीच चुकले नव्हते, त्याचे शेजाऱ्याशी बिनसले. नातू टाळ्या पिटत होता. मला मात्र पुढे खेळवेना.

कारण फार जुने आहे. एकदा वर्गातला नकाशा फाटला. मॉनिटरने एका मुलाचे नाव सांगितले आणि मी त्या मुलाला सगळ्यांदेखत छड्या मारल्या. तो "मी नाही, सर" एवढेच म्हणत राहिला. वर्ष संपता संपता कळले, की नकाशा मॉनिटरनेच फाडला होता. मी गप्प बसलो. मास्तरांनी माफी मागण्याची तेव्हा रीत नव्हती, अशी मनाची समजूत घातली.

गंमत म्हणजे कौटिल्याचे अर्थशास्त्र मला ठाऊक होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे सांगणे जुळले, तरच विश्वास ठेवावा, असे त्यात आहे. राजाला तीन हेर लागतात. मला एक मॉनिटर पुरला.

असो. नातवाला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आजोबा, त्यांचा पत्ता शोधू या का?"

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कालपासून आम्ही दोघे शोधतो आहोत.