डिस्टेंपरचा माग

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणुजन्य रोग युरोपात साथीच्या रूपाने नोंदला गेला तो अठराव्या शतकात. १७६० च्या दशकात तो स्पेनमध्ये आणि पाठोपाठ इंग्लंड-इटलीत पसरला. शिकारी कुत्र्यांचे कळप बाळगणाऱ्या जमीनदारांना त्याची विशेष झळ बसली. एकेका हंगामात पिल्लांची अख्खी पिढी जाई.

त्या काळी कुत्रे विचित्र वागू लागले की ते पिसाळले असे समजून गोळी घालत. देवीच्या लसीमुळे प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्ये डिस्टेंपरचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून तो पिसाळण्याहून वेगळा रोग असल्याचे दाखवले. गोस्तनदेवीची लस कुत्र्यांना टोचून हा रोग टळतो का, हेही त्या काळात पाहिले गेले. उपयोग झाला नाही. होण्याचे कारणही नव्हते.

घोटाळा व्हावा असेच या रोगाचे रूप आहे. संसर्गानंतर तीन ते सहा दिवसांत ताप चढतो आणि लगेच उतरतो. तो बहुधा मालकाच्या ध्यानातही येत नाही. ताप उलटतो तेव्हा डोळ्यांत चिपडे, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला, उलट्या, हगवण असे सारे दिसू लागते. त्यातून कुत्रे सावरले असे वाटावे, तर काही आठवड्यांनी जबडा आपोआप हलतो, पाय आचके देतात, फिट येतात. काहींचे नाक आणि पंजाच्या गाद्या टणक होतात. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये या टणक गाद्यांचा एक स्वतंत्रच रोग मानला जात होता. पुढे तोही डिस्टेंपरच ठरला. कायमचे दात येण्याआधी आजारून वाचलेल्या पिल्लाच्या त्या दातांवर खडबडीत, पिवळट खळगे राहतात. जुन्या आजाराची ती खूण जाणकार पशुवैद्य लगेच ओळखतो.

रोगाचे कारण कळायला आणखी वेळ लागला. १९०५ मध्ये फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे याने आजारी कुत्र्याच्या नाकातला स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. त्या गाळलेल्या द्रवानेही निरोगी कुत्री आजारी पडली. म्हणजे कारण विषाणू. पण मरणाऱ्या कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जिवाणू वारंवार सापडे, आणि अनेक संशोधक त्यालाच दोषी धरून बसले. तो जिवाणू निर्दोष नव्हताच. कुत्र्यांच्या सांसर्गिक खोकल्यामागे तो आजही असतो. डिस्टेंपरमध्ये मात्र तो मागाहून शिरणारा होता. या वादात वीस वर्षे गेली.

कोंडी फुटली ती कुत्रेवाल्यांच्या पैशाने. इंग्लंडमधल्या ‘द फील्ड’ या शिकार-खेळांच्या साप्ताहिकाने १९२३ मध्ये डिस्टेंपरवरील संशोधनासाठी निधी उभारला. लंडनजवळ मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि पशुवैद्य जॉर्ज डंकिन कामाला लागले. बाजारातले कुत्रे प्रयोगाला निरुपयोगी होते, कारण त्याला रोग आधीच होऊन गेला आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून बाहेरच्या जगाशी संपर्क न येऊ देता पिल्लांची पैदास केली गेली. तेथे जाणाऱ्या सेवकांना आंघोळ करून कपडे बदलावे लागत. मुंगसासारखा दिसणारा फेरेट या रोगाला हमखास बळी पडतो, हेही फार उपयोगी पडले. विषाणूच कारण असल्याचे सिद्ध झाले आणि १९२८ मध्ये लस जाहीर झाली. आधी फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू आणि काही दिवसांनी जिवंत विषाणू, अशी ती दोन टोचण्यांची पद्धत होती. जिवंत विषाणूची टोचणी जोखमीची होती. दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लशी पुढच्या दोन-तीन दशकांत आल्या, तेव्हा लसीकरण खऱ्या अर्थाने घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचले.

तरीही लस टोचलेली काही पिल्ले आजारी पडत. त्याचा उलगडा १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झाला. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, पण लशीतला विषाणूही निकामी करतात. ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणूनच पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना देऊन, दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा टोचतात. एक डोस चुकला तर काय बिघडते, असे विचारणाऱ्या मालकाला उत्तर इथे आहे. १९७८ मध्ये जगभर उद्भवलेल्या पार्व्हो या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणुजन्य रोगाच्या लशीलाही हाच नियम लागू पडतो.

हा विषाणू कुत्र्यांपुरता थांबत नाही. २०१८ मध्ये गुजरातमधल्या गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांच्यापैकी काहींत डिस्टेंपरचाच विषाणू आढळला, आणि उरलेल्या सिंहांसाठी परदेशातून लस मागवावी लागली.