समुद्रातील चौथऱ्यावरचे दिवे

चांदणे नसलेल्या रात्री भर समुद्रावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. वर काळोख आणि खाली काळोख. त्यात दूरवर पिवळसर प्रकाशाचा एक पुंजका. हा पुंजका म्हणजे तेलविहिरींचा प्लॅटफॉर्म. त्याच्या एका कडेला उंच बांधलेल्या, साधारणतः वीस-बावीस मीटर रुंदीच्या चौथऱ्यावर त्याला उतरावयाचे असते. विमानतळावर धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन लांबलचक ओळी वैमानिकाचे बोट धरून त्याला खाली आणतात. येथे ओळी नाहीत, रस्ते नाहीत, आजूबाजूच्या गावाचे दिवेही नाहीत.

ब्रिटनलगतच्या उत्तर समुद्रात १९६५ मध्ये नैसर्गिक वायू सापडला आणि १९७० मध्ये फोर्टीज हे मोठे तेलक्षेत्र हाती आले. त्यानंतर माणसांची ने-आण करणारे वाहन म्हणजे हेलिकॉप्टर, हे तेथे ठरूनच गेले. परंतु शेटलंड बेटांच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस सहा तासांहूनही लहान असतो. तेव्हा रात्री उतरणे हा तेथे अपवाद नसून हिवाळ्यातील नित्याचा व्यवहार होय.

या चौथऱ्यांवरील प्रकाशयोजना मात्र दीर्घकाळ फारसा विचार न करता केलेली होती, असेच म्हणावे लागते. चौथऱ्याच्या कडेने पिवळे दिवे लावीत आणि पृष्ठभाग उजळावा म्हणून काठावर प्रखर फ्लडलाइट बसवीत. प्लॅटफॉर्मवरील यंत्रे, जिने व मार्ग उजळणारे सोडियमचे दिवेही पिवळेच. पिवळ्यात पिवळे मिसळून गेले आणि चौथरा नेमका कोठे आहे हे वैमानिकाला फार उशिरा उमगू लागले. फ्लडलाइटची तर आणखीच विपरीत तऱ्हा. काठावर ठेंगणे बसविल्यामुळे त्यांचा झोत उतरणाऱ्याच्या डोळ्यांत जाई आणि चौथऱ्याचा मध्यभाग बहुधा अंधारातच राही. प्रकाश वाढला की धोका घटतो, ही समजूत स्वाभाविक असली तरी येथे ती खरी ठरली नाही.

उणीव प्रकाशाची नव्हती. उणीव आकाराची होती. परात डोक्यावरून पाहिली तर गोल दिसते, डोळ्यांच्या रेषेत धरली तर चपटी. दिव्यांचे कडेही तसेच. हेलिकॉप्टर वाजवीपेक्षा खाली आले की ते चपटे होत जाते, वर राहिले की गोल दिसू लागते. आणि त्या फरकावरूनच उतरण्याचा कोन वैमानिक मनातल्या मनात मोजतो. नुसत्या पुंजक्यावरून असा कोन मोजता येत नाही.

२७ डिसेंबर २००६ च्या संध्याकाळी ब्रिटनच्या पश्चिमेस मोरकंबे उपसागरात याचा दारुण प्रत्यय आला. ब्लॅकपूलहून निघालेले एक डॉफिन हेलिकॉप्टर नॉर्थ मोरकंबे प्लॅटफॉर्मवर उतरण्याच्या बेतात होते. सहवैमानिकाला उतरणीचा अंदाज येईना. त्याने मुख्य वैमानिकाकडे सूत्रे दिली, आणि पुढच्या काही क्षणांत हेलिकॉप्टर समुद्रावर आदळले. दोन वैमानिक व पाच प्रवासी, सातही जण गेले. २००८ च्या चौकशी अहवालाने, कोन न साधण्याचे संभाव्य कारण म्हणून डोळ्यांना मिळणाऱ्या अपुऱ्या खुणांकडे बोट दाखविले.

खेदाची गोष्ट अशी की, दोष तोवर अज्ञात नव्हता. १९९० च्या दशकातच वैमानिकांनी या दिव्यांविषयी तक्रारी नोंदविल्या होत्या. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने डच सागरी हद्दीतील के-१४ प्लॅटफॉर्मवर आणि स्कॉटलंडमधील लाँगसाइड येथील जुन्या धावपट्टीवर निरनिराळ्या रंगांचे व मांडणीचे दिवे लावून रात्रीची उड्डाणे करविली होती. त्यांतून आधी रंगाचा प्रश्न सुटला. काठाचे दिवे हिरवे केले की ते सोडियमच्या पिवळ्यातून वेगळे उठून दिसतात. २००९ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनीही हिरवा रंग स्वीकारला. दोन दिव्यांत ३ मीटरांहून अधिक अंतर नसावे, असाही दंडक आहे.

मधल्या अंधाराचा प्रश्न अधिक बिकट होता. चौथऱ्यावर रंगविलेले पिवळे वर्तुळ व त्यातील पांढरे ‘एच’ हे अक्षर दिवसा पुरेसे असते. तेच रात्री स्वयंप्रकाशी करावे, ही कल्पना पुढे आली. वर्तुळ पिवळ्या प्रकाशाचे आणि ‘एच’ ची बाह्यरेषा हिरव्या प्रकाशाची. कागदावर सोपे, पण या पट्ट्यांवरून हेलिकॉप्टरची चाके जाणार, खारे पाणी उसळणार, आणि भोवती ज्वालाग्राही वायूचा संभव. ठिणगी न पडू देणाऱ्या, पायाला न अडखळविणाऱ्या, तरीही दुरून दिसणाऱ्या पट्ट्या बनविणे एलईडी दिव्यांमुळेच शक्य झाले. डोळे दिपविणाऱ्या जुन्या फ्लडलाइटची जागा या पट्ट्यांनी घेतली. २०१८ च्या एप्रिलपासून ब्रिटिश हद्दीत रात्रीच्या वापरासाठी ही योजना बंधनकारक ठरली, म्हणजे मोरकंबेच्या अपघातानंतर अकरा वर्षांहून अधिक काळाने.

प्रश्न केवळ उत्तर समुद्राचा नव्हे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तेथे जाणारी हेलिकॉप्टरे जुहूहून उडतात. अरबी समुद्रावर हिवाळी दिवस तितका तोकडा होत नाही हे खरे. पण प्लॅटफॉर्मवर जखमी झालेला वा हृदयविकाराचा झटका आलेला कामगार सूर्योदयापर्यंत थांबू शकत नाही. म्हणून तेथील वैमानिकांनाही रात्रीच्या उतरणीचा सराव ठेवावा लागतो. ४ नोव्हेंबर २०१५ च्या संध्याकाळी पवनहंसचे एक डॉफिन हेलिकॉप्टर मुंबई हायजवळ समुद्रात कोसळले. त्यात प्रवासी कोणी नव्हते. होते ते दोन वैमानिक, आणि ते निघाले होते काळोखात चौथऱ्यावर उतरण्याच्या याच सरावासाठी.