पडद्यावरचे बुद्धिबळ

बुद्धिबळाचा सामना पाहावयास गेलेल्या माणसास प्रत्यक्ष दिसते ते फारच थोडे. एक मेज, दोन खुर्च्या, त्यांवर बसलेल्या दोन व्यक्ती आणि त्यांच्यामध्ये मांडलेला पट. पंधरा-वीस मिनिटांतून एखादे वेळी एक हात पुढे येतो, एक मोहरे या घरातून त्या घरात जाते, घड्याळाची कळ दाबली जाते, आणि पुन्हा सारे स्तब्ध! क्रिकेटच्या चेंडूमागे डोळे धावतात, कुस्तीत अंगाला अंग भिडलेले दिसते; येथे तसे काही नाही. खरा डाव चालतो तो दोन मस्तकांत, आणि तेथवर कोणत्याही कॅमेऱ्याची दृष्टी पोचत नाही. असे असूनही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अनेकदा येऊन गेला, आणि एका उन्हाळ्यात तर अमेरिकेतील सामान्य माणसेही तासन् तास त्यापुढे खिळून बसली. हे कसे घडले याचा शोध घेऊ लागलो की एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. जे बुद्धिबळ पडद्यावर यशस्वी झाले, त्यात पाहण्यापेक्षा ऐकण्याचाच भाग अधिक होता.

तो उन्हाळा १९७२ चा. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे जगज्जेतेपदाचा सामना भरला होता. विजेता सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की, आव्हान देणारा अमेरिकेचा बॉबी फिशर. १९४८ पासून हे पद सोव्हिएत खेळाडूंकडेच होते. त्यामुळे दोन खेळाडूंच्या झुंजीला दोन महासत्तांच्या झुंजीचे रूप आले. फिशर हा पडद्याला अपरिचित नव्हता. आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, डिक कॅव्हेट यांच्या लोकप्रिय मुलाखतींच्या कार्यक्रमात तो येऊन गेला होता. नीटनेटक्या पोशाखातील, किंचित लाजरा असा हा तरुण प्रेक्षकांना आवडला. या खेळात परमानंदाचा क्षण कोणता, असे विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितले की, प्रतिस्पर्ध्याचा अहंकार मोडतो तो क्षण. हसतमुखाने दिलेले ते उत्तर ऐकून क्षणभर मन दचकते.

मुलाखतीला बसणारा हाच फिशर खेळावयास बसला की मात्र कॅमेऱ्याचा शत्रू होई. रेक्याविकच्या सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क चेस्टर फॉक्स या निर्मात्याने घेतले होते आणि सभागृहात कॅमेरे लावले होते. ११ जुलैला पहिला डाव सुरू झाला. बरोबरीकडे चाललेल्या त्या डावात फिशरने उंटाने एक प्यादे मारले. तो उंट अडकून पडला आणि डाव हातचा गेला. फिशरने कॅमेऱ्यांविरुद्ध तक्रार मांडली. त्यांचा आवाज येतो, ते काढून टाका, असा त्याचा हट्ट. ते निघाले नाहीत म्हणून दुसऱ्या डावाला तो आलाच नाही, आणि तो डाव न खेळताच स्पास्कीच्या खात्यावर जमा झाला. जगज्जेतेपदाच्या सामन्यात दोन शून्य अशी पिछाडी, आणि तीही अर्धीअधिक स्वतःच ओढवून घेतलेली!

येथे स्पास्कीने जो उमदेपणा दाखविला त्याला खेळाच्या इतिहासात तोड नाही, असे मला वाटते. सामना तेथेच संपवून, मुकुट घेऊन तो मॉस्कोला परत जाऊ शकला असता. परंतु तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, रंगमंचामागील एका लहानशा खोलीत खेळावयास त्याने मान्यता दिली. त्या खोलीतही सभागृहातील लोकांना डाव दिसावा म्हणून एक कॅमेरा होताच. तो पाहून फिशर पुन्हा भडकला. शेवटी मुख्य पंच लोथार श्मिड यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना अक्षरशः खुर्च्यांत बसविले. तो डाव फिशरने जिंकला. त्यापूर्वी त्याने स्पास्कीला एकदाही हरविले नव्हते. पुढचे डाव पुन्हा रंगमंचावर झाले, पण चित्रीकरण जवळजवळ बंदच पडले. १ सप्टेंबरला तहकूब राहिलेला एकविसावा डाव स्पास्कीने दूरध्वनीवरून सोडून दिला, आणि १२.५ विरुद्ध ८.५ गुणांनी फिशर जगज्जेता झाला.

आता कल्पना करा. शतकातला सर्वांत गाजलेला सामना, आणि त्याची चित्रेच नाहीत! दूरचित्रवाणीच्या दृष्टीने याहून मोठी अडचण ती कोणती? परंतु न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीवर, 'चॅनल थर्टीन'वर, याच अडचणीतून एक नवल घडले. शेल्बी लायमन नावाचे ३५ वर्षांचे एक बुद्धिबळपटू, पूर्वी समाजशास्त्र शिकविणारे, भिंतीवरच्या एका मोठ्या पटापुढे उभे राहिले. रेक्याविकहून खेळी येऊन पोचली की घंटा वाजे, आणि लायमन पटावरचे मोहरे हलवीत. दोन खेळ्यांमध्ये अर्धा अर्धा तास जाई. त्या वेळात ते सोबतच्या तज्ज्ञांशी वाद घालीत : घोडा का हलविला, वजीर पुढे आणला असता तर काय झाले असते, आता फिशर काय करील? अंदाज चुकले तर हसत, आणि चूक कोठे झाली ते पुन्हा मांडून दाखवीत. हे पाच पाच तास चाले!

लायमन काही मुरलेले निवेदक नव्हते. बोलताना अडखळत, मोहरा हातात घेऊन विचार करीत थांबत. पण त्या थांबण्यातच कार्यक्रमाचे मर्म होते. आम्हा शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या मास्तरांपेक्षा फळ्यापुढे उभा राहून मुलांबरोबर विचार करणारा मास्तर वर्गाला अधिक धरून ठेवतो. पहिल्याच दिवसांत वाहिनीने बुद्धिबळ थांबवून डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाचे चित्रण सुरू केले, तेव्हा प्रेक्षकांच्या तक्रारींचा असा पाऊस पडला की थोड्याच वेळात पुन्हा लायमनांच्या पटाकडे वळावे लागले. जेथे एरवी बेसबॉल चाले त्या मद्यगृहांतील दूरचित्रवाणी संचांवरही त्या दिवसांत बुद्धिबळ दिसू लागले. उंट तिरका जातो एवढेही ज्यांना काल ठाऊक नव्हते, ते आज फिशरच्या पुढच्या खेळीवर पैजा घेऊ लागले.

आपल्याकडे तेव्हा दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीस, १५ सप्टेंबर १९५९ पासून. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे स्पास्कीने पराभव मान्य केल्यानंतर एका महिन्याने. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी माणसाला हा सामना मिळाला तो वृत्तपत्रातील छापील पटावरून आणि आकाशवाणीच्या बातम्यांतून. त्यात त्याचे फार नुकसान झाले असे म्हणवत नाही. न्यूयॉर्ककरांपुढे तरी पटावाचून दुसरे काय होते?

इंग्रजांनी याच अडचणीवर निराळी युक्ती काढली. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे 'द मास्टर गेम' नावाची मालिका चालली. आधी डाव खेळला जाई. मग दोन्ही खेळाडू त्या त्या क्षणी मनात काय चालले होते ते सांगत, आणि ते ध्वनिमुद्रित होई. पडद्यावर पट, त्यावर मोहऱ्यांची चिन्हे, आणि कानी येई तो खेळाडूचा स्वतःचा आवाज, जणू आत्ताच विचार चालला आहे अशा वर्तमानकाळात. अनातोली कार्पोव्ह, बेंट लार्सन, टोनी माइल्स, आणि कोवळ्या वयाचा नायजेल शॉर्ट अशी मंडळी त्यात येऊन गेली. या मालिकेत मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची कबुली. बाहेरून पाषाणासारखा दिसणारा महान खेळाडू मनातल्या मनात म्हणत असतो, अरे, हे तर माझ्या ध्यानातच आले नव्हते! त्याच वेळी समोरच्याला त्या भीतीचा पत्ताही नसतो. मस्तकात चाललेला डाव बाहेर आणण्याची इतकी सरळ वाट त्यापूर्वी कोणाला सुचली नव्हती. जर्मनीतही १९८३ पासून २००५ पर्यंत असाच एक कार्यक्रम चालला. पेशाने डॉक्टर असलेले हेल्मुट फ्लेगर आणि मूळचे चेक ग्रँडमास्टर व्लास्तिमिल होर्ट या जोडीच्या खुसखुशीत संभाषणासाठीच पुष्कळजण तो पाहत.

१९९३ साली लंडनमध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि नायजेल शॉर्ट यांची गाठ पडली. जगज्जेतेपदासाठी खेळणारा शॉर्ट हा पहिलाच इंग्रज. म्हणून बीबीसी आणि 'चॅनल फोर' या दोन्ही वाहिन्यांनी सॅव्हॉय नाट्यगृहातील या सामन्याला भरपूर वेळ दिला. गणिती कोड्यांमुळे घरोघर परिचित असलेल्या कॅरोल व्हॉर्डरमन यांना 'चॅनल फोर'ने निवेदिका नेमले. पहिल्या डावात शॉर्टची वेळ संपून तो हरला. घड्याळाचा काटा मात्र कॅमेऱ्याला उत्तम दिसतो! परंतु कास्पारोव्ह लवकरच इतका पुढे गेला की चुरस उरली नाही, आणि १२.५ विरुद्ध ७.५ असा सामना संपेपर्यंत उत्साहही ओसरला.

आपल्या देशात बुद्धिबळ खऱ्या अर्थाने पडद्यावर आले ते २०१३ च्या नोव्हेंबरात. चेन्नई येथे विश्वनाथन आनंद आणि नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन यांचा सामना दूरदर्शनने थेट दाखविला. तिकडे नॉर्वेतही सार्वजनिक वाहिनीने तो घराघरांत पोचविला. आनंद ६.५ विरुद्ध ३.५ असा हरला. आता चित्र स्वच्छ होते, पट स्वच्छ होता, आणि शिवाय एक नवा पाहुणा आला होता. बुद्धिबळाच्या थेट प्रक्षेपणांत आता संगणकाचा आकडा असतो. कोण किती पुढे आहे ते तो क्षणोक्षणी सांगतो. सोय मोठी, यात शंका नाही. खेळ न समजणारालाही आकडा वर गेला की टाळी वाजविता येते. पण कोण पुढे आहे हे कळले, तरी का पुढे आहे हे आकडा सांगत नाही. लायमन चुकत होते, म्हणून त्यांच्याबरोबर चालता येत होते. या यंत्राबरोबर चालता येत नाही. समालोचक चांगला असला तर तो आकड्याकडे काणाडोळा करून पटाकडे वळतो. असे समालोचक आजही आहेत, हे सुदैव.

चेन्नईत हरलेल्या या आनंदची दूरचित्रवाणीशी पहिली गाठ पडली ती फार पूर्वी आणि दूरदेशी. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या वडिलांना रेल्वेच्या कामासाठी फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथे राहावे लागले. त्या देशात त्या सुमारास बुद्धिबळाची लाट होती. १९७८ मध्ये कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांचा जगज्जेतेपदाचा सामना तेथल्याच बागियो शहरी झाला होता. दूरचित्रवाणीवर दुपारी एक ते दोनच्या सुमारास बुद्धिबळाचा कार्यक्रम असे, आणि त्यात प्रेक्षकांसाठी एक कोडे घातले जाई. मुलगा तेव्हा शाळेत. म्हणून आई, सुशीलाबाई, पडद्यासमोर वही घेऊन बसत, डावातील खेळ्या आणि ते कोडे उतरवून घेत. सहाव्या वर्षी मुलाला हा खेळ त्यांनीच शिकविला होता. संध्याकाळी मायलेक पट मांडून कोडे सोडवीत आणि उत्तर टपालात टाकीत. बरोबर उत्तर देणाराला बक्षीस म्हणून बुद्धिबळाचे एक पुस्तक मिळे. आनंदला ते पुनःपुन्हा मिळू लागले. इतके की, अखेरीस त्या मंडळींनी त्याला आपल्या ग्रंथालयात नेले आणि सांगितले, हवी तितकी पुस्तके घेऊन जा. मात्र यापुढे कोड्याचे उत्तर पाठवू नकोस.