वाई : सायकलवरून कृष्णाकाठ

वाई : सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व जुने तीर्थक्षेत्र. साताऱ्याच्या वायव्येस सुमारे ३५ किमी.वर कृष्णेच्या डाव्या तीरी वसलेले. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा डोंगरांतून मोकळी होते, तिथे तिच्या काठचे हे पहिले मोठे गाव. इथले घाट, वाडे, धरण आणि गड इतके जवळजवळ आहेत की मोटारीतून ते हातचे निसटतात आणि पायी दिवस पुरत नाही. हे खोरे बघावे ते सायकलवरून, तेही प्रवाहाच्या उलट दिशेने.

सुरुवात गणपती आळीच्या घाटावरून करावी. आजची देवळे मुख्यतः पेशवाईतली, रास्ते घराण्याने बांधलेली. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, ढोल्या गणपतीचे १७६२ चे. गणपतीची अजस्र मूर्ती पाहून लोक परततात. पण देवळाची मागची बाजू मुद्दाम पाहावी. ती माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे, ही त्यामागची योजना. नदीशी भांडण न मांडता तिच्याकाठी कसे राहावे, हे त्या कारागिरांना नेमके कळले होते. कृष्णाबाईचा उत्सव इथे आळी-आळीने, एकेका घाटावर होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी (१६५९) शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णेला केलेल्या नवसातून तो सुरू झाला, अशी परंपरा आहे. खानाचा तळ तेव्हा वाईतच होता.

विद्येचे गाव ही वाईची दुसरी ओळख. नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबांनी काही काळ अध्ययन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही तिथलेच. तर्कतीर्थांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून चालले.

घाट सोडून पश्चिमेकडे निघाले, की सुमारे ३ किमी.वर मेणवली. हा टप्पा घाईने उरकू नये. नाना फडणविसांच्या वाड्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट नदीत उतरतो. शेजारच्या मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत (१७३९) मराठ्यांच्या हाती आलेली, पोर्तुगीज चर्चमधली आहे. नानांचा पत्रव्यवहार अभ्यासकांना ‘मेणवली दप्तर’ म्हणून परिचित आहे. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाल्यावर घाटावरची गर्दी वाढली. सकाळी लवकर पोहोचले तर पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका आणि पाण्यालगत खंड्या, बगळे एवढीच सोबत असते.

पुढे रस्ता उसाच्या आणि हळदीच्या शेतांमधून धोमला जातो. वाईची हळद पूर्वापार नावाजलेली. धोमच्या देवळात कमळाकृती कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे; असा नंदी सहसा आढळत नाही. गावाजवळच्या धरणाने कृष्णेचा स्वभाव पालटला. खालच्या शिवारांना बारमाही पाणी मिळाले. पण आता घाटांवरची पातळी पावसाइतकीच धरणाच्या दरवाजांवरही ठरते. जलाशयाच्या कडेने पुढे गेले की समोर कमळगड येतो. वाईच्या आसमंतातले पांडवगड आणि वैराटगड हेही ज्यांना चढायचे असतील त्यांनी सायकल पायथ्याच्या गावात ठेवावी.

पाय तयार असतील तर पसरणीचा घाट आहेच. पाचगणीपर्यंत १२–१३ किमी.त सुमारे ५५० मी. चढावे लागते. पायथ्याचे पसरणी हे शाहीर कृष्णराव साबळे यांचे गाव. चढताना वळणावळणावर वाई, नदीचे वळण आणि धोमचे पाणी एका नजरेत येते. वाहतूक मात्र फार. शनिवार-रविवारी हा घाट टाळलेलाच बरा, आणि पावसाळ्यात धुके असताना तर नक्कीच.

सायकलीसाठी सर्वांत चांगले दिवस पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचे. पुणे–सातारा महामार्गावरून येणाऱ्यांनी सुरूर फाट्याला वळावे. तिथून वाईपर्यंतच्या रस्त्यावरचे जुने वड हा या खोऱ्याचा घाटांइतकाच मोलाचा ठेवा असून रस्ता कितीही रुंद करायचा झाला तरी ते राखले पाहिजेत.