सावित्री : मंत्राचे, नदीचे आणि बाईचे नाव

कशेडीला एका बारशाला गेलो होतो. पाळण्यातल्या मुलीला पणजीचे नाव द्यावे, सावित्री म्हणावे, असे कोणीतरी सुचवले. सुनांनी हसून ते बाजूला सारले. फार जुने वाटते, असे त्यांचे म्हणणे. अखेर आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून ‘सावी’ असे नाव सांगितले. पणजीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमचे नाव वटपौर्णिमेच्या सावित्रीवरून का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, “नाय रे बाबा. आपली नदी हाय ना, तिच्यावरनं.”

हे उत्तर मला पुरले नाही. नदीला तरी हे नाव कोठून आले?

‘सवितृ’ म्हणजे प्रेरणा देणारा, चेतवणारा सूर्यदेव. आपण मुलींना देतो ते ‘सविता’ हे नाव व्याकरणाने पुल्लिंगी आहे. त्या देवाची ती सावित्री. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात सवितृदेवतेची जी ऋचा आहे, तिचेही नाव सावित्री. गायत्री हे तिच्या छंदाचे नाव, पुढे तेच रूढ झाले. महाभारताच्या वनपर्वात मद्र देशाचा राजा अश्वपती अपत्यासाठी याच मंत्राने आहुती देतो आणि सावित्री देवीच्या प्रसादाने झालेल्या मुलीला तेच नाव ठेवतो. म्हणजे सत्यवानाची सावित्रीसुद्धा मंत्राची नामधारी. ती स्वतः रथात बसून वर शोधायला निघते आणि यमाशी वाद घालते. वडाला सूत गुंडाळताना आपण तिचे पातिव्रत्य तेवढे आठवतो.

इथे एक पेच आहे. मुलाची मुंज होते तेव्हा त्याला हाच सावित्री मंत्र देतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार मानला आहे. मंत्राचे नाव मुलीला चालेल, मंत्र चालणार नाही. त्याच अध्यायात मुलीचे नाव उच्चारायला सोपे, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असा नियम आहे. सावित्री हे नाव त्यात चपखल बसते. पण तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत यांची नावे असलेल्या मुलीशी लग्न करू नये असेही सांगितले आहे.

महाराष्ट्राने हा नियम कधी मनावर घेतलेला दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा ही नावे घरोघर होती. ती पुसली गेली ती दुसऱ्या रूढीने, ताटातल्या तांदळांवर अंगठीने सासरचे नाव लिहिण्याच्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही यमुनाच. आनंदीबाई कर्वे आधी गोदावरी होत्या. उलट स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका तरुणीने १९३२ साली विक्रम खानोलकरांशी लग्न केले आणि ती सावित्रीबाई झाली. परमवीरचक्राची रचना याच सावित्रीबाई खानोलकरांची.

आता नदीकडे येऊ. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेच्या वाटेला लागतात. सावित्री पश्चिमेला कोसळते, पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. ती अशी वेगळी का, याची कथा आहे. ब्रह्मदेवाच्या यज्ञात सावित्रीला यायला उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले. सावित्री संतापली, देवांना नद्या होण्याचा शाप दिला आणि स्वतःही नदी झाली. नवऱ्याचे प्राण परत आणणारी सावित्री वेगळी आणि आपली जागा दुसरीला दिली म्हणून जाब विचारणारी ही वेगळी. कशेडीच्या पणजीबाईंना नाव मिळाले ते या दुसरीचे.

तिसरी सावित्री आपल्या जवळच्या काळातली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. नाव दिले पण विद्या दिली नाही, हा जुना पेच त्यांनी पाटी-पेन्सिलीने सोडवला. त्यानंतर ७९ वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, याच सावित्रीच्या काठच्या महाडात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले आणि मुलींनाही शिकवा असे त्यांनी सांगितले. ज्या ग्रंथाने नदीच्या नावाची मुलगी लग्नाला वर्ज्य ठरवली, तो सावित्री नावाच्या नदीकाठी जळाला. हा योगायोगच. पण पोलादपूरला नदी पाहताना तो मनातून जात नाही.

आज सावित्री हे नाव पाळण्यापेक्षा वटपौर्णिमेच्या पूजेत आणि शाळेतल्या जयंतीत अधिक ऐकू येते. एका जागी ती पतिव्रता, दुसऱ्या जागी शिक्षिका. रागावून पश्चिमेला वळलेली सावित्री मात्र या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या नावांतच उरली आहे आणि त्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत.

कशेडीच्या त्या घरी मी नंतर निरोप धाडला, हाक सावी म्हणून मारा, दाखल्यावर मात्र पूर्ण नाव लिहा. अजून ठरलेले नाही, असे उत्तर आले. पणजीबाईंना विचारले का, असे पुन्हा विचारले. ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.