खिलवतचे दार

उर्दूच्या तासाला ‘खिलवत’ शब्द आला की मी अर्थ सांगतो: एकांत, खासगी जागा. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातील दरबाराच्या इमारतीचे नाव नेमके हेच, खिलवत मुबारक. आणि आज तिकीट काढून तिथे कुणीही जातो. 19 झुंबरांखाली उभा राहून फोटो काढतो. संध्याकाळी अंगणात मैफली होतात, मेजवान्या झडतात. 2025 मध्ये मिस वर्ल्ड स्पर्धेच्या पाहुण्यांनाही इथेच जेवण दिले गेले.

सलाबत जंगच्या काळात, 1750 च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. पाचवे निजाम अफजलउद्दौला यांच्या कारकिर्दीत (1857-69) ते पूर्ण झाले. अफजल, महताब, तहनियत आणि आफताब हे चार महाल, म्हणून चौमहल्ला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान मात्र राहत किंग कोठीत. 1967 मध्ये त्यांचे नातू मुकर्रम जाह यांची गादीनशिनी इथे झाली. पुढे ते ऑस्ट्रेलियात गेले आणि वाड्याला कुलपे लागली. मूळ 45 एकरांपैकी आज तिसरा हिस्साही उरलेला नाही.

वाचवला तो त्यांच्या घटस्फोटित पत्नी एसरा यांनी. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्या साथीने दुरुस्ती झाली, 2005 मध्ये दार उघडले, 2010 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मालकी अजून घराण्याचीच. वारसा भाड्याने देतात, अशी कुरकुर मी ऐकली आहे. पण आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने बांधलेल्या नौखंडा महालाचे फारच थोडे अवशेष उरलेत. त्यापेक्षा मैफलीचे तिकीट बरे!

मराठवाड्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. 1948 पर्यंत आमचा शेतसारा याच दरबाराच्या तिजोरीत जाई. त्या झुंबरांत आमच्या कोरडवाहू जमिनीचाही वाटा आहे. दर 17 सप्टेंबरला मात्र आम्हा मुसलमानांकडे असे पाहिले जाते, जणू गादीवर आमचेच आजोबा बसले होते. माझे आजोबा शेजारच्या पाटलासारखेच निजामाची रयत होते. सहलीला गेल्यावर मुलांना मी तिथे हेच सांगितले. एकाने विचारले, ‘सर, मग हे आपले की त्यांचे?’ मी म्हणालो, पैसा आपला, घर त्यांचे.

जानेवारी 2023 मध्ये मुकर्रम जाह इस्तंबूलला वारले. दफन मक्का मशिदीत झाले. त्याआधी मय्यत चौमहल्ल्यात ठेवली होती. त्या दिवशी जुन्या शहरातली माणसे रांगेने आत गेली, तिकिटाशिवाय.